कोकमाची झटपट पावडर करायची आहे: मायक्रोएन्कॅप्सुलेशनबद्दल सल्ला हवा

कुडाळकरीण:
आमचा बचत गट आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) आणि अमृत कोकम (साखर घातलेलं कोकम सरबत) करतो. गिऱ्हाइकं आता पाण्यात ढवळली की सरबत होईल अशी पावडर मागतायत. ट्रे ड्रायरमध्ये रस सुकवला की काकवीसारखा चिकट गोळा होतो, लाल रंगही विटकरी पडतो. स्प्रे ड्रायर (रसाचे बारीक थेंब गरम हवेत फवारून सुकवणारं मशीन) घ्यावा का? मायक्रोएन्कॅप्सुलेशन, म्हणजे बारीक कणांना कवच देऊन 'कॅप्सूल' केल्यावर गुण पोटापर्यंत टिकतात म्हणे, ते खरं का?

फूडटेक_सांगली:
ताई, मशीनची घाई नको. चिकटपणा कोकमातल्या हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लामुळे आणि साखरेमुळे येतो. म्हणून अमृत कोकम नको, आगळही नको (मीठ फार), सालींचा साधा अर्क घ्या. त्यात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, पाण्यात विरघळणारी पावडर) विरघळवून स्प्रे ड्रायरला द्यायचं. आत येणारी हवा साधारण १५० अंश, बाहेर पडणारी ९० च्या आत. थेंब काही सेकंदांत सुकतो आणि लाल रंगाचे अँथोसायनिन माल्टोडेक्स्ट्रिनच्या कणात अडकतात. १० डीईचं माल्टोडेक्स्ट्रिन घ्या (डीई म्हणजे स्टार्च किती तोडलंय त्याचं माप), २० डीईचं जास्त चिकटतं. मात्र ते फार घातलं तर रंग फिका आणि सरबत पिठूळ लागतं, तेव्हा प्रमाण चाखूनच ठरवा.

आता पोटाचं. माल्टोडेक्स्ट्रिन पाण्यात लगेच विरघळतं, म्हणजे कवच पेल्यातच संपतं. त्याचा फायदा साठवणीपुरता, आणि तुम्हाला तोच हवा आहे. आतड्यापर्यंत न्यायचं तर अल्जिनेटसारखं (समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ) वेगळं कवच लागतं, पण कोकमाच्या आंबट रसात अल्जिनेट आधीच गुठळ्या धरतं. त्या वाटेला जाऊच नका.

लेबल_बघा:
वरचं पटलं. फ्रीझ ड्रायरने (गोठवून सुकवणारं मशीन) रंग सुरेख राहतो, पण खर्च सरबताच्या भावात बसत नाही. पाकिटावर माल्टोडेक्स्ट्रिन लिहावंच लागेल. आणि 'वजन घटतं' असलं काही छापू नका, एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण) नियमांत दाव्याला शास्त्रीय पुरावा लागतो. पावडर दमट हवेत लगेच ओल धरते. कोकणातल्या पावसात साधी प्लास्टिक पिशवी चालणार नाही, अॅल्युमिनियम फॉइलचा थर असलेलं लॅमिनेट पाकीट घ्या.

कुडाळकरीण:
खूप आभार दोघांचे! मग सुरुवात कुठून करू?

फूडटेक_सांगली:
दापोलीचं कृषी विद्यापीठ जवळचं, आधी तिथे विचारा. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेलाही लिहा. पहिला घाणा जॉब वर्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर पैसे देऊन काढा. ठरवण्याआधी त्या ड्रायरमध्ये आधी काय सुकवलं होतं ते जरूर विचारा. दूध असेल तर अॅलर्जीचा प्रश्न येतो, मसाला असेल तर कोकमाला वास लागतो.