ऑइलच्या झाकणाखाली पांढरट थर, गॅरेजवाले म्हणतात इंजिन खोला. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, वडिलांची. राहायला रत्नागिरीत. घर, शाळा, बाजार एवढंच तिचं फिरणं, एका खेपेला दोन-तीन किलोमीटर. पाऊस लागल्यापासून ऑइल भरायच्या झाकणाभोवती टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) ओलं दिसतंय आणि गाडी उभी राहिली की जळक्या ऑइलचा वास येतो. झाकण काढलं तर आतून लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर. झाकणाची रबरी रिंग इतकी कडक झालीय की नखाने दबत नाही.

गॅरेजमध्ये झाकण बघूनच सांगितलं की हेड पॅकिंग (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, ऑइलमध्ये पाणी शिरतंय, इंजिन खोलावं लागेल. वडील पेन्शनवर आहेत. खर्च खरंच गरजेचा असेल तर करूच, पण नुसतं झाकण बघून एवढं ठरवता येतं का? आणि झाकण बदलायचं तर पूर्ण घ्यावं की फक्त रिंग?

प्रतिसाद:
ताई, इंजिन लगेच खोलू देऊ नका. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होतेच. त्यातली थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भागात, उतरते. लांबच्या प्रवासात ऑइल चांगलं तापतं आणि ती वाफ उडून जाते. तुमच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये कूलंट गरम झालं तरी ऑइल कोमटच राहतं. झाकण सगळ्यात वर आणि त्यातल्या त्यात थंड, म्हणून वाफेचं तिथे पाणी होतं आणि ते ऑइलमध्ये घोटलं जाऊन हा थर बनतो. कोकणातल्या पावसाळी हवेत तर हे जास्तच होतं.

हेड पॅकिंगची शंका असेल तर आधी हे बघा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीत पातळी बघून खूण करा आणि आठवडाभर लक्ष ठेवा. गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही. कूलंटवर तेलाचा तवंग आहे का? डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पुसून पुन्हा घालून काढा. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल, तर मात्र गाडी चालवू नका, टो करून न्या. सायलेन्सरमधून सकाळी मिनिटभर पांढरी वाफ येणं ठीक, पण इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर काळजीचं. यातलं काहीच नसेल तर झाकण स्वच्छ पुसा आणि दर आठवड्याला हायवेवर अर्धा तास गाडी पळवा.

प्रतिसाद:
वरच्या मुद्द्यांशी सहमत. भर घालतो. ओल झाकणातूनच येतेय की टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, हे आधी पक्कं करा. सगळं कोरडं पुसून झाकणाभोवती थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा, दोन दिवसांनी डाग कुठून सुरू झालाय ते दिसेल. पीसीव्ही व्हॉल्व्हही (चेंबरमधली वाफ आणि वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) तपासून घ्या. तो चोंदला की चेंबरमधला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि नवीन रिंगमधूनही ऑइल ढकलतो. रिंग बदलून महिन्यात पुन्हा ओल आली, तर दोष बहुधा तिथेच.

वास येतोय म्हणजे ऑइल एक्झॉस्टच्या गरम भागावर ओघळत असणार. हे मात्र लांबणीवर टाकू नका.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. डिपस्टिक स्वच्छ आहे, ऑइल नेहमीसारखं काळपट. कूलंट खुणेवरच आहे. पांढरा धूर नाही. वडिलांना हे दाखवलं, त्यांचा जीव भांड्यात पडला. आता झाकणाचं सांगा.

प्रतिसाद:
ताई, झाकणाचे कान किंवा आटे झिजलेले नसतील तर नुसती रिंग पुरते. पण बऱ्याच गाड्यांना सुटी रिंग मिळत नाही, मग ओरिजिनल झाकण घ्या. लोकल झाकण बसतं, पण रिंगची जाडी किंचित कमी असली तरी घट्ट बसल्याचा भास होतो आणि ऑइल येतच राहतं. दुकानात जुनं झाकण सोबत न्या, शेजारी ठेवून जुळवा.

बसवताना इंजिन थंड हवं. तोंडाभोवतीची माती आधी पुसा, कण आत पडता कामा नये. रिंगला नव्या ऑइलचं बोट फिरवा आणि झाकण फक्त हाताने आवळा. पकड लावली की प्लास्टिक तडकतं. गॅरेजमध्ये सिलिकॉन लावून देतो म्हणाले तर स्पष्ट नको म्हणा, त्याचे तुकडे आत पडून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. आणि इतक्या छोट्या फेऱ्या असतील तर ऑइल किलोमीटरवर न मोजता महिन्यांवर बदला. बहुतेक मॅन्युअलमध्ये असा वापर खडतर धरलेला असतो.

प्रतिसाद:
माझी डिझेल आहे. चालू इंजिनचं झाकण काढलं की फुसफुस हवा येते आणि ऑइलचे शिंतोडे उडतात. तेही रिंगमुळेच का?

प्रतिसाद:
दादा, डिझेलमध्ये थोडी फुसफुस असतेच. आयडलवर झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा, हात सांभाळून. थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या बाजूने चेंबरमध्ये उतरणारा वायूचा दाब, जास्त आहे. मग झाकण बदलून उपयोग नाही. आधी ब्रीदर पाइप (हा दाब बाहेर सोडणारी नळी) चोंदलाय का ते बघा, तो मोकळा असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या.