मदत हवी आहे: प्रकाशाची रहस्ये मराठीत कोणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात तलावपाळीजवळ राहतो. आई मूळची वसईची, त्यामुळे घरातली संध्याकाळची रोझरी (ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना) पहिल्यापासून मराठीतच. तिचं प्रार्थनेचं पुस्तक खूप जुनं, मेणबत्तीचे थेंब पडून पानं चिकटलेली. त्यात आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची मिळून 15च रहस्ये (जपमाळ म्हणताना मनन करायचे येशू आणि मरियेच्या जीवनातले प्रसंग) आहेत. प्रकाशाची 5 रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये दिली, ती त्यात कुठून असणार!

प्रकाशाची रहस्ये गुरुवारी म्हणतात, म्हणून अडचण दर गुरुवारी येते. यार्देन नदीतला बाप्तिस्मा, काना गावचं लग्न... मी इंग्रजीतून वाचून तिथल्या तिथे मराठीत सांगते, पण ती नुसती माहिती वाटते, प्रार्थना वाटत नाही. आई मणी बोटात धरून तशीच थांबून राहते. मला फार वाईट वाटतं.

ऑक्टोबरमध्ये आमच्या विभागाची रोझरी आमच्या घरी आहे, आणि नेमका गुरुवार आलाय. तुमच्या घरी किंवा चर्चमध्ये या रहस्यांचं छोटं मनन मराठीत म्हणत असाल तर पानाचा फोटो पाठवाल का? हाताने लिहिलेलं असलं तरी चालेल. मोठ्या अक्षरांतलं पुस्तक कुठे मिळत असेल तर तेही सांगा, आईला आता बारीक अक्षर दिसत नाही.