मदत हवी आहे: कॅम्परमध्ये बॅटरी आणि इन्व्हर्टर नेमके कुठे बसवू?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा. जुन्या टेंपो ट्रॅव्हलरचा कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करतोय. सीट काढून झाल्या, प्लाय मारायच्या आधी वायरिंगच्या जागा ठरवायच्यात.

सामान असं: १२ व्होल्ट २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १००० वॉटचा इन्व्हर्टर, टपावर सोलर पॅनल, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलच्या विजेने बॅटरी चार्ज करणारा), छोटा फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप.

बॅटरी ड्रायव्हरच्या मागच्या बाकाखाली ठेवावी असं मला वाटतं. वजन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे राहतं आणि कसारा घाटात गाडी मागून झोलणार नाही. पण अंबडचा एक वायरमन म्हणतो, सगळं मागच्या दाराशी घ्या, दुरुस्तीला सोपं. मला ते पटत नाही. पावसाळ्यात त्र्यंबकला जाऊन आलं की मागच्या दाराच्या रबरातून हमखास पाणी झिरपतं.

खरी अडचण इन्व्हर्टरची. पूर्ण लोडला तो ऐंशी-नव्वद अँपिअर ओढणार, म्हणजे बॅटरीपासून केबल जाड आणि आखूड हवी. पण दोन्ही एकाच बंद पेटीत घातले तर मे महिन्यातल्या उन्हात गरम हवा जाणार कुठे? मधे पार्टिशन टाकून दोन्ही बाजूंना जाळी पुरेल, की एक्झॉस्ट फॅन लागेलच?

मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच घेतोय, तो प्रश्न नाही. फ्यूजबॉक्स आणि कंट्रोलर मात्र सरकत्या दाराशेजारी उभे लावावेत का? टपावरून सोलरची वायर तिथे सरळ उतरते.

कोणी ट्रॅव्हलरमध्येच हे केलं असेल तर फोटो टाका. नाशकात किंवा सिन्नरकडे गाडी बघायला मिळाली तर उत्तमच.