मदत हवी आहे: आरएनेझ पी मधलं प्रोटीन नेमकं करतं काय?

नमस्कार मंडळी, मी नागपुरात एमएस्सी बायोकेमिस्ट्री करतोय, सेमिनारला आरएनेझ पी घेतलंय. कच्च्या टी-आरएनएच्या (प्रोटीन बनताना अमिनो आम्लं आणून देणारा आरएनए) पाच-प्राइम, म्हणजे सुरुवातीच्या, टोकाचा जास्तीचा तुकडा हे एन्झाइम कापतं, इथपर्यंत ठीक. ई. कोलाय या जिवाणूमध्ये त्यात एकच आरएनए, ३७७ न्यूक्लिओटाइडचा (म्हणजे तेवढ्या कड्यांचा), आणि एकच छोटं प्रोटीन. १९८३ साली दिसलं की मॅग्नेशियम भरपूर असेल तर नुसता आरएनएही कापतो. त्यावरूनच संशोधक सिडनी ऑल्टमन यांना थॉमस चेक यांच्यासोबत १९८९ चं नोबेल मिळालं.

मग प्रोटीन कशाला? मला समजलं ते असं: ते त्या जास्तीच्या तुकड्याला धरतं, त्यामुळे कच्चा टी-आरएनए पक्का बसतो आणि तयार झालेला सुटतो. शिवाय पेशीत असतं तेवढ्या कमी मॅग्नेशियमवर काम भागतं. कापणारा मात्र आरएनएच. हे बरोबर आहे ना?

खरी पंचाईत पुढे आहे. माणसाच्या केंद्रकातल्या आरएनेझ पी मध्ये दहाएक प्रोटीनं, आणि आरएनए एकटा जवळपास निकामी. म्हणजे आरएनएची घडी सांभाळायचं काम प्रोटीनांकडे गेलं का? त्यात आपल्याच मायटोकॉन्ड्रियात हे काम तीन प्रोटीनं करतात, आरएनएशिवाय! सर म्हणतात, "उत्क्रांती लिही." पण नुसतं तेवढं लिहून कसं भागेल जी?

कोणत्या प्रोटीनचं काय काम, हे कोणी मराठीत, आकृती काढून समजावेल का? नागपुरातलं कोणी असेल तर मीच येतो भेटायला, चहा माझ्याकडून.