पन्नास लिटरहून लहान प्रवाळ-टाकी पुण्याच्या उन्हाळ्यात टिकेल का? सल्ला हवा

सागरगोटा :

नमस्कार. गेली आठ वर्षे मी गोड्या पाण्याची, पाणवनस्पतींची टाकी सांभाळते आहे आणि आता खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची एक अगदी लहान टाकी करावी असे मनात आहे. जागा पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली आहे. दिवाणखान्यात ४५ सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद आणि ३६ सें.मी. उंच एवढीच टाकी मावेल, म्हणजे काठोकाठ भरली तरी ४८ लिटर.

माझे माहेर दापोलीकडचे असल्याने दीड-दोन महिन्यांतून एकदा हर्णैला जाणे होते. तिथून कॅन भरून समुद्राचे पाणी आणले तर चालेल का? मालवणला आमचे एक नातेवाईक असतात. किनाऱ्यावर पडलेले जुने प्रवाळाचे दगड ते देऊ शकतील असे म्हणतात, ते घ्यावेत का? दुसरी काळजी उन्हाळ्याची. एप्रिलमध्ये आमच्या खोलीचे तापमान दुपारी ३५ अंशांच्या वर जाते आणि पाणी थंड करणाऱ्या चिलरचा खर्च बाकीच्या सगळ्या सामानापेक्षा अधिक होतो आहे. शिवाय घरच्या पिण्याच्या आरओचे पाणी वापरता येईल का, आणि एवढ्याशा टाकीत कोणते जीव ठेवणे योग्य, हेही सांगावे. घाई नाही, पूर्ण तयारी झाल्याखेरीज एकही जीव आणायचा नाही, असे ठरवले आहे.

पुळण :

ताई, मी मालवणचाच, म्हणून दगडांविषयी आधी लिहितो. ते दगड कृपया घेऊ नका. दगडी प्रवाळांच्या सर्व जाती, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि अग्निप्रवाळ यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाला जे संरक्षण तेच पोवळ्याला. मेलेला, वाळून पांढरा पडलेला सांगाडाही त्यातून सुटत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नातेवाईक प्रेमाने देत असतील, पण अडचणीत तेही येतील आणि तुम्हीही. कायदा बाजूला ठेवला तरी तो दगड किनाऱ्यावर निरुपयोगी पडलेला नसतो. त्याच्या भेगांत खेकड्यांची पिल्ले, शिंपले आणि किडे राहतात, आणि पुढच्या प्रवाळांच्या अळ्यांना बसायला अशाच कठीण पृष्ठभागाची गरज असते.

त्याऐवजी भाजलेल्या मातीचे, सच्छिद्र सिरॅमिकचे दगड मिळतात ते घ्यावेत. तुमच्या टाकीला पाच-सहा किलो पुरतात. ते कोरडे आणि निर्जीव असल्यामुळे उपयुक्त जिवाणू वस्तीला येण्यास वेळ लागतो, पण त्यांच्याबरोबर आयप्टेशियासारखी त्रासदायक समुद्रफुले किंवा शिकारी खेकडे घरात येत नाहीत, हा मोठा लाभ आहे.

हर्णैच्या पाण्याविषयी मत विचारले आहे म्हणून सांगतो, आणू नये. ते मासेमारीचे बंदर आहे. होड्यांचे डिझेल, जाळी धुतलेले पाणी आणि खाडीचा गाळ हे सगळे त्यात असते. पावसाळ्यात ओढे-नद्यांचे पाणी येऊन किनाऱ्यालगतचा खारेपणा फार उतरतो, आणि तुमच्या टाकीला तर बारा महिने एकाच खारेपणाचे पाणी लागणार आहे. तयार समुद्री मीठ शुद्ध पाण्यात मिसळून पाणी घरीच करावे.

ओहोटी :

मी पुण्यातच सहा वर्षांपासून ४० लिटरची टाकी ठेवतो. पुळण यांनी दगडांविषयी लिहिलेले प्रत्येक वाक्य महत्त्वाचे आहे. मी फक्त पाणी आणि उष्णता या दोन गोष्टींवर लिहितो, कारण लहान टाकी बुडते ती बहुधा याच दोन ठिकाणी.

आधी पाणी. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्रांमध्ये बहुतेक वेळा चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे नळाशी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर धरला तर आकडा ४० ते ८० दिसतो. त्या शिल्लक क्षारांत नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी तांबेही असते. तांबे कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांच्यासाठी विष आहे. आपल्याला शून्य टीडीएसचे पाणी हवे. त्यासाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची एक नळी जोडावी आणि पाणी मिसळणीच्या आधीच्या टप्प्यावर काढून घ्यावे. मीटर शून्याऐवजी दोन-तीन दाखवू लागला की रेझिन बदलायची वेळ झाली.

मिठाचे प्रमाण लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम पडते, पण वजनावर विसंबू नका. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजण्याच्या उपकरणावर, खारेपणा हजारात ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, इतका आणावा. रिफ्रॅक्टोमीटरची पडताळणी साध्या पाण्याने न करता ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने करावी. माझ्याकडचा मीटर साध्या पाण्यात शून्य दाखवत असे आणि खाऱ्या पाण्यात दोन भागांनी चुकत असे. हे कळायला मला चार महिने लागले आणि तोवर शंख एकेक करून गेले होते.

आता उष्णता. प्रवाळांना २५ ते २७ अंश मानवते. काही तास २९ झाले तर ते निभावून नेतात, पण दिवसेंदिवस ३०-३१ राहिले तर त्यांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारे सहजीवी शैवाल ते बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. चिलर घेण्याआधी पंखा करून पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. दगड-वाळूची जागा वजा जाता तुमच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी ४० लिटरच्या आसपास असेल. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जेवढी उष्णता नेते, तेवढी जर सगळी त्या ४० लिटरमधूनच गेली तर पाणी सुमारे १५ अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात खोलीची उष्णता सतत आत येत राहते, म्हणून तेवढा फरक पडत नाही. तरी पृष्ठभागावर तिरका वारा सोडणाऱ्या दोन छोट्या पंख्यांनी माझ्याकडे एप्रिलच्या दुपारीही पाणी २७ ते २८ वर राहते. आपल्या एप्रिलातली कोरडी हवा इथे उपयोगी पडते. मुंबईच्या दमट हवेत हाच उपाय निम्माही चालत नाही, त्यामुळे तिकडच्या मंडळींना चिलर किंवा वातानुकूलित खोली टाळता येणे अवघड आहे. पंखे थर्मोस्टॅटला जोडावेत, नाहीतर पहाटे पाणी नको तेवढे थंड होते. एका दिवसातला चढउतार दोन अंशांच्या आत राहिला पाहिजे. उन्हाळ्यात दिवे दुपारी न लावता संध्याकाळी पाच ते रात्री बारा-एकपर्यंत ठेवावेत.

मात्र पंख्याची किंमत पाण्याने मोजावी लागते. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. माझ्या अनुभवाने पंखे चालू असताना रोज सव्वा लिटरपर्यंत पाणी जाते. तीन दिवस भर घातली नाही, तर ४० लिटरचे सव्वाछत्तीस होतात आणि ३५ वर असलेला खारेपणा साडेअडतीसच्या पुढे जातो. दुसऱ्याच वर्षी एका लग्नासाठी मी तीन दिवस गावाला गेलो होतो. परतलो तेव्हा हात उघडझाप केल्यासारखी हलणाऱ्या झेनिया या मऊ प्रवाळाची अख्खी वसाहत विरघळून गेली होती. त्यानंतर त्या धक्क्याने मी लगेच भरपूर गोडे पाणी एकदम ओतले आणि उरलेल्या जीवांनाही त्रास दिला. तेव्हा काचेवर पातळीची एक रेघ ओढून ठेवा, रोज त्या रेघेपर्यंत फक्त बिनमिठाचे शुद्ध पाणी घाला, आणि शक्य असेल तर पहिल्या दिवसापासून आपोआप भर घालणारे यंत्र बसवा. मी चिलरऐवजी पैसे तिथे घालीन.

निवळशंख :

वरच्या दोन्ही उत्तरांनंतर राहते ते टाकी तयार होण्याविषयी आणि जीवांविषयी. गोड्या पाण्याच्या अनुभवामुळे नायट्रोजनचे चक्र, म्हणजे जिवाणूंनी अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणे, तुम्हाला परिचित आहेच. कोरड्या दगडांवर ते बसायला तीन ते सहा आठवडे धरावेत. चक्र सुरू करण्यासाठी मेलेली कोळंबी सडवण्यापेक्षा अमोनिया मोजून घालणे मला अधिक स्वच्छ वाटते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातला कल्हईचा नवसागर नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. ४० लिटरमध्ये पाव ग्रॅम घातला की अमोनिया दशलक्षात दोन भाग होतो. तेवढा अमोनिया आणि त्यातून झालेला नायट्राइट ही दोन्ही २४ तासांत शून्यावर येऊ लागली की टाकी जीवांना तयार झाली, असे समजावे. मधल्या काळात वाळूवर तपकिरी थर धरेल. ते डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल असते आणि सिलिकेट संपले की आपोआप ओसरते. त्यासाठी कोणतेही औषध घालू नका.

माशांचा मोह आवरावा लागतो. या मापात ओसेलारिस क्लाउनफिशची एक जोडी, किंवा एक छोटा गोबी मासा आणि त्याच्याबरोबर बीळ करून राहणारी पिस्टल श्रिंप ही कोळंबी, यापेक्षा अधिक नको. क्लाउनफिश घ्यायचे तर पैदाशीतलेच घ्यावेत. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या प्रयत्नाने त्यांची पैदास होते आणि सिंधुदुर्गातल्या गावकऱ्यांनाही ती पिल्ले वाढवण्याच्या कामात घेतले आहे, हे मला फार मोलाचे वाटते. असा मासा पेटीतल्या खाद्याला सरावलेला असतो आणि त्याच्यासाठी कोणाच्या प्रवाळखडकावर जाळे पडलेले नसते. निळा टँग मासा दुकानात तीन इंचांचा दिसतो, पण तो फूटभर वाढतो. त्याच्याकडे पाहूही नये. सफाईसाठी चार-पाच शंख पुरेत, जास्त आणले तर ते उपाशी मरतात.

प्रवाळांत दगडी जाती कायद्यामुळेही नकोत आणि त्यांना लागणाऱ्या कॅल्शियमच्या रोजच्या हिशेबामुळेही. मशरूम, लेदर आणि झोअँथिड या मऊ जातींवर सुरुवात करावी, तीही आपल्या शहरातल्या एखाद्या छंदिष्टाच्या टाकीत वाढलेल्या वसाहतीचे तुकडे मागून. त्यांना प्रखर दिवा लागत नाही.

झोअँथिडविषयी एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. त्यांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआंत, पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा असल्याखेरीज त्यांना हात लावू नये, कापताना तुषार उडू देऊ नयेत, आणि त्यांची वसाहत असलेला दगड साफ करण्यासाठी कधीही उकळत्या पाण्यात घालू नये. त्या वाफेने घरातली सगळी माणसे आजारी पडू शकतात. घरात लहान मुले असतील तर ही जात पहिल्या वर्षी आणूच नका.

नेमाने करायचे काम म्हणजे आठवड्याला पाच लिटर पाणी बदलणे. त्यासाठी सुमारे १९० ग्रॅम मीठ आदल्या दिवशी मिसळून, पंपाने ढवळत ठेवून, टाकीइतक्याच तापमानाला आणून मगच घालावे. एवढ्या बदलाने मऊ प्रवाळांना लागणारी खनिजेही भरून निघतात, वेगळे डोस लागत नाहीत. नायट्रेट दशलक्षात दोन ते दहा भागांच्या दरम्यान असू द्यावे. ते शून्यावर आणण्याच्या नादात डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांची चिकट, बुडबुड्यांची साय येते आणि ती घालवणे साध्या शेवाळापेक्षा कितीतरी कठीण असते.

सागरगोटा :

आपण तिघांनी एवढा वेळ देऊन लिहिलेत, मनापासून आभार. मालवणला आजच फोन करून दगड नको म्हणून कळवले आणि कारणही सांगितले. त्यांनाही हा कायदा ठाऊक नव्हता. मुलगी चार वर्षांची आहे, तेव्हा झोअँथिड यादीतून काढले. मशरूम आणि एक लेदर, गोबी-श्रिंपची जोडी, सिरॅमिकचे दगड, थर्मोस्टॅटवर दोन पंखे आणि भर घालणारे यंत्र असे ठरते आहे. टाकी दिवाळीनंतर भरीन, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी चार-पाच महिने ती स्थिर होण्यास मिळतील. आता दोनच शंका उरल्या आहेत : वीज गेली तर काय करावे, आणि माहेरी चार दिवस जाताना टाकी कोणाच्या भरवशावर सोडावी?

ओहोटी :

दिवाळीनंतरचा विचार उत्तम आहे. वीज गेल्यावर दिव्याविना प्रवाळ दोन दिवसही काढतील, पण पाणी हलायचे थांबले की लहान टाकीतला प्राणवायू काही तासांत उतरतो, आणि कोमट पाण्यात तो मुळातच कमी असतो. म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, ठेवावा. त्याला पाच-सहा वॅटच लागतात. इन्व्हर्टर नसेल तर वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअरपंप घ्यावा. उन्हाळ्यात वीज गेली आणि पंखे बंद पडले तर शुद्ध पाण्याची गोठवलेली बाटली, झाकण घट्ट लावून, पाण्यात तरंगत ठेवावी.

चार दिवसांसाठी भर घालणाऱ्या यंत्राची पाण्याची बरणी निदान सहा-सात लिटरची असावी आणि ती निघण्याच्या आदल्या दिवशी भरावी. त्या यंत्राचा फ्लोट शंखाने अडकून पाणी ओसंडल्याचे मी पाहिले आहे, म्हणून त्याला जाळी लावा. गोबीला एक दिवसाआड खाद्य पुरते, तेवढ्यासाठी शेजाऱ्यांना सांगावे. प्रत्येक वेळचे खाद्य वेगळ्या कागदी पुडीत बांधून पुडीवर वार लिहून ठेवावा आणि खाद्याचा मूळ डबा कपाटात बंद करून जावे.