मदत हवी आहे: ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) बेरोजगारी भत्त्याचा अर्ज अडलाय

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ चाकणला ठेकेदाराकडे कामाला होता. लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० ला काम सुटलं. पगारातून ईएसआय दोन वर्षांहून जास्त कापला गेलाय. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत, म्हणजे याच भत्त्यात, २०२० च्या बदलानुसार सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत मिळतात आणि अर्ज मालकामार्फत न जाता थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात देता येतो. पण ठेकेदाराने काम सुटल्याची तारीखच नोंदवलेली नाही, फोनही उचलत नाही. शिवाय आधारवरचं आडनावाचं स्पेलिंग वेगळं. भाडं थकलंय, घरात तान्हं बाळ आहे. ठेकेदाराशिवाय ती तारीख कुणी नोंदवून घेतलीय का? कोणते कागद चालले? आधार आधी दुरुस्त करायचं का? ज्यांचे पैसे जमा झाले त्यांनी कृपया सविस्तर सांगा.