आर या सांख्यिकी प्रोग्रामिंग भाषेत समांतर प्रक्रिया (एकाच वेळी अनेक कामे चालवणे) केव्हा फायद्याची ठरते?

प्रश्न: बूटस्ट्रॅपच्या (मूळ डेटातून पुन्हा पुन्हा निवडलेल्या) १०,००० नमुन्यांची प्रत्येकी सरासरी विंडोजवर साध्या लॅप्लायने (एकामागून एक काम करणाऱ्या फंक्शनने) चटकन निघते, तेच काम क्लस्टरअप्लाय या काम वाटणाऱ्या फंक्शनने ४ कोअरवर (प्रोसेसरच्या गणना करणाऱ्या भागांवर) वाटले, तर उलट जास्त वेळ लागतो. असे का व्हावे?

उत्तर: एका सरासरीचे गणित क्षणार्धात होते, परंतु क्लस्टरअप्लाय प्रत्येक काम सुटे पाठवते, म्हणजे दर वेळी डेटा सॉकेटमधून (दोन चालू प्रोग्राममधील संपर्कमार्गातून) जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पारलॅप्लाय हे त्याच जातीचे फंक्शन कामांचे मोठे गट करून पाठवते, म्हणून आधी ते वापरून पाहावे.

दुसरे उत्तर: लिनक्सवर एमसीलॅप्लाय हे फंक्शन फोर्क करते (चालू प्रोग्रामची जुळी प्रत काढते), त्यामुळे डेटाची प्रत लगेच करावी लागत नाही, विंडोजवर ही सोय नाही. मात्र निम्मा वेळ फाइल वाचण्यातच जात असेल, तर ॲमडालच्या नियमानुसार (न वाटता येणारा भाग एकूण वेगाला मर्यादा घालतो) कोअर कितीही वाढवले तरी वेग दुपटीपुढे जाणार नाही. माझ्या मते येथे सर्व नमुने एका मॅट्रिक्समध्ये घेऊन कॉलमीन्स (सर्व स्तंभांची सरासरी एकदम काढणारे फंक्शन) वापरणे अधिक शहाणपणाचे.

प्रश्नकर्ता: आणि प्रत्येक नमुन्यावर मोठे प्रतिमान (मॉडेल) बसवायचे असेल तर?

दुसरे उत्तर देणारा: तेव्हा काम कोअरवर जरूर वाटून द्यावे, फक्त ओपनब्लास (मॅट्रिक्सचे गणित करणारी लायब्ररी) स्वतःच अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) चालवत असेल, तर वाटलेल्या प्रत्येक कामामागे एकच थ्रेड ठेवावा, नाहीतर कोअरसाठी ओढाताण होते.